हप्त्याने शिकलेलं

मंदीत पुण्यातली नोकरी गेली, तेव्हा मी मालवणजवळच्या आमच्या बंद घराचं कुलूप काढलं. आईवडील हयात नव्हते. ज्या सॉफ्टवेअरवर मी इतकी वर्षं पोट भरलं, त्याला आता कुणी विचारत नव्हतं. मासळीवाली दारात टोपली उतरवून रोज चौकशी करायची, "बरा नाय काय रे तुका?" तरणा माणूस भरदिवसा घरात, म्हणजे आजारीच असणार. खरं सांगण्यापेक्षा आजार परवडला, म्हणून मी मान डोलवायचो. दिवसभरात माझं तेवढंच काय ते संभाषण व्हायचं.

नवं काही शिकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. एक परदेशी ऑनलाइन अभ्यासक्रम सापडला. वर्षाचे पैसे एकदम भरले तर बरेच स्वस्त, नाहीतर महिन्याला हप्ता. दोन्हीसाठी क्रेडिट कार्ड हवं. जुनं कंपनीचं होतं, ते नोकरीबरोबरच गेलं आणि बेकाराला नवं कोण देणार? शेजारी आमच्या शाळेतल्या बाई राहायच्या. ख्रिस्ती, निवृत्त, घरात एकट्या. मुलगा कुवेतला. त्याने त्याच्या कार्डावरून भरावेत आणि मी रुपये बाईंच्या हातात द्यावेत, हे विचारायला गेलो. एकदाच भरून मोकळा होणार होतो.

बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"एकदम भरलंस तर तो किती वेळा फोन करतलो?"

"एकदाच. पैसे पावले काय ता विचारूक."

"आणि म्हयन्याक म्हयन्याक भरलंस तर?"

"मगे दर म्हयन्याक करूकच लागतलो."

त्या उठून चहा ठेवायला आत गेल्या. आतूनच म्हणाल्या, "तुझा तू बघ रे झिला. माका त्यातला काय कळणा नाय."

शहाण्याला शब्दाचा मार. नोकरी नसताना जास्त पैसे मोजायचे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना, पण मी हप्ता घेतला. मुलगा फोनवर म्हणाला, "एकदम भर मरे, स्वस्त पडतला." मी म्हटलं, "माका हप्तोच बरो." मला हिशेब येत नाही अशी त्याची खात्री झाली असावी.

फोन महिन्यातल्या एका शुक्रवारी यायचा, कुवेतला त्या दिवशी सुट्टी असते म्हणून. बाई सकाळपासून इस्त्रीची साडी नेसून तयार. माझं काम अर्ध्या मिनिटात उरकायचं आणि मी पडवीत जाऊन बसायचो. आतून ऐकू यायचं: जेवलास काय, सुंगटा, बांगडे गावतत काय थंय, खोकलो गेलो काय. मला त्या मुलाचा हेवा वाटायचा. मी काय जेवलो हे विचारणारं जगात कुणी नव्हतं, आणि खरं म्हणजे मी धड जेवतही नव्हतो. घरी येऊन संगणकापुढे बसायचो. पडद्यावरचा मास्तर दर धड्याच्या शेवटी विचारायचा, काही शंका आहेत का? उत्तराची वाट न बघताच तो पुढे जायचा.

मधे पुंजी आटली, तेव्हा मोटारसायकल विकली पण हप्ता चुकवला नाही. अभ्यासक्रम संपला आणि पुण्यात नोकरी लागली. निघताना सांगायला गेलो तर बाईंनी डोक्यावर हात ठेवला, गळ्यातला क्रूस चाचपला. मग सावकाश म्हणाल्या, "आता तुका तुझा कार्ड गावतला, मां?"

"बघूया," म्हटलं.

पुण्यात पहिल्या पगाराबरोबरच बँकेने कार्ड दिलं. ते खिशात ठेवूनच मी बाईंना फोन लावला. सांगितलं की बँकेने नाही म्हटलंय, मला पुढचंही काही शिकायचंय, तेव्हा तुमच्या मुलाला परत त्रास द्यावा लागेल, महिन्याच्या महिन्याला.

"बरा झाला," बाई पटकन म्हणून गेल्या. मग शाळेतल्या आवाजात, "म्हंजे वायट झाला रे."