राहिलेला फेटा

मुलगा, सून कॅनडाला निघाले तेव्हा शिरूरच्या आमच्या चौकात फ्लेक्स लागला होता. 'सातासमुद्रापार शिरूरचा झेंडा' असं वर ठळक लिहिलेलं. मध्यभागी एका होतकरू पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो, भोवती त्याच्या नेत्यांचे गोल गोल फोटो, आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे एरवी छापणाऱ्याचं नाव असतं, तिथे आमचा मुलगा. झेंडा नेमका कशाचा आणि तो कुठे रोवायचा, याचा खुलासा नव्हता. मुलगा रांजणगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि तिकडे जाऊन दुसऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर व्हायचं एवढाच त्याचा बेत होता. त्यासाठी त्याला आधी बरेच महिने एका गोदामात खोकी उचलावी लागली. आम्हाला त्याने 'लॉजिस्टिक्समध्ये आहे' असं कळवलं. पुढे त्याची आई तिकडे गेली, तिने त्याचे तळहात पाहिले, तेव्हा लॉजिस्टिक्स म्हणजे काय ते आम्हाला समजलं. फ्लेक्स तोवर शेजाऱ्यांच्या कडब्याच्या गंजीवर गेला होता. पुढाऱ्याचा चेहरा उन्हाने उडाला; मुलाचा राहिला, कारण तो कोपरा आत दुमडलेला होता.

नातू तिकडेच झाला. सून एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लागली, मुलाला अखेर मनासारखी नोकरी मिळाली, दोघांच्याही वेळा उलटसुलट. तिथल्या पाळणाघरात जागा मिळायची तर लांबलचक प्रतीक्षायादी. तेव्हा आज्यांना पाचारण झालं. व्हिसा बऱ्याच वर्षांचा, पण एका वेळी मुक्काम सहा महिन्यांचा. रांजणगावात तीन शिफ्ट चालतात, माझ्या मुलाच्या घरात दोन सुरू झाल्या. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून पहिली शिफ्ट सुनेच्या आईची. त्या दौंडच्या. यजमान रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली, त्या एकट्याच राहतात. दुसरी शिफ्ट माझ्या बायकोची. मग पुन्हा दौंड, पुन्हा शिरूर. मीही एकदा जाऊन आलो. उष्टी भांडी विसळण्यापलीकडे मला बढती मिळाली नाही. उरलेला वेळ मी जाड जाकीट घालून खिडकीशी उभा राहून बर्फ बघत असे, आणि घरातले सगळे माझ्याकडे एखाद्या न लागणाऱ्या कपाटाकडे बघावं तसं बघत.

या दोन विहिणींमध्ये लग्नापासून बोलणं बेताचंच होतं. कारण होतं फेटा. दौंडला मंगल कार्यालयात लग्न होतं. मुहूर्त टळून गेला तरी माईकवाला थकत नव्हता. अमुक संस्थेचे माजी संचालक आले, बांधा फेटा. तमुक पंचायतीचे सदस्य आले, बांधा फेटा. काही जण तर शेजारच्या हॉलमधल्या लग्नाला आले होते, तेही बांधून गेले. शेवटी मंगलाष्टका सुरू झाल्या आणि मुलाच्या पाठीशी त्याचा मामा, म्हणजे माझा मेहुणा, उभा राहिला तो बोडका. फेटे संपले होते. अल्बममध्ये अक्षता उडताना फेट्यांचा भगवा-गुलाबी पूर आलेला दिसतो आणि त्याच्या मधोमध मामाचं उघडं डोकं. मेहुण्याला त्याचं काहीच वाटलं नाही. बायकोला वाटलं, आणि वाटतच राहिलं. "आख्ख्या तालुक्याला बांधलं. माझ्या भावालाच न्हाई पुरलं," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते मला मंगलाष्टकांतलंच एक कडवं वाटतं.

तर अशा दोघींवर एकाच स्वयंपाकघरात, सहा-सहा महिन्यांच्या अंतराने, संसार चालवायची वेळ आली. ही तिकडे पोचली की आधी मिठाचा डबा शेगडीच्या डाव्या हाताला घ्यायची. त्या पोचल्या की उजव्या. मुलगा सांगायचा, "आई, शिफ्ट बदलली की पहिले चार दिवस भाजी अळणी नाहीतर खारट." मात्र जाणारीने येणारीला फोनवर चार्ज द्यावा लागे. हिरव्या डब्यात भाजीची सालं, निळ्यात कागद, कचरागाडी कोणत्या वारी, वरणाला फोडणी देताना कोणतं बटण दाबायचं म्हणजे धुराची घंटा आख्खी इमारत गोळा करणार नाही. असं बोलताना त्यांचा आवाज अगदी ऑफिसातल्यासारखा असे. "बरं, हिरव्यात सालं. आन्?"

बाकी सगळं फोनच्या पडद्यावर. आमची संध्याकाळ ती त्यांची सकाळ. मुलगा म्हणायचा, "आता सेटल झालोय." मागे गालिचा, सोफा, भिंतीवर लावलेली वारली चित्रांची चौकट. पडद्यात जेवढं मावतं तेवढं घर सेटलच होतं.

गेल्या खेपेला विहीणबाई तिकडून परत आल्या आणि आमच्या हिची बॅग भरायला निघाली. तिकीट काढायचं होतं तेवढंच. मग पडद्याच्या कडेला काहीतरी दिसायला लागलं. नातू, अडीच वर्षांचा, खोलीखोलीत जाऊन दारं उघडायचा. बाथरूमचं दार, चपलांचं कपाट, मग कपडे धुवायच्या मशिनचं गोल झाकण. आत वाकून बघायचा आणि पुढच्या दाराकडे जायचा. रडत नव्हता. बोलतही नव्हता. चार मराठी आणि चार इंग्रजी शब्द जमवले होते, तेही त्याने आवरून ठेवले. घास गालात धरून बसायचा. मुलगा आणि सून आळीपाळीने रजा घेत होते, आणि फोन बंद करायला विसरले की आम्हाला पुढचंही ऐकू यायचं.

"तुझी रजा, तुझी मीटिंग. माझी नोकरी काय छंद म्हणून करते का मी?"

"मग काय करू, सोडू?"

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही आजार नाही, त्याच्याजवळ एक माणूस कायम असू द्या.

"मी गेले की होईल बरा," ही म्हणाली आणि कुरडयांचा डबा चेपून बॅगेत बसवला.

त्याच आठवड्यात भरदुपारी विहीणबाई आल्या. चौफुला, न्हावरे करत, एसटीने, न कळवता. लग्नानंतर आमच्या घरी त्या पहिल्यांदाच येत होत्या. हातात पिशवी, पिशवीत दुकानाचं खोकं. पाण्याचा तांब्या तसाच ठेवून त्यांनी खोकं हिच्यापुढे सरकवलं. आत प्लास्टिकमध्ये बांधलेला, तयार, तुऱ्याचा फेटा होता.

"मामांचा मान राहिला व्हता," त्या म्हणाल्या.

"आत्ता आठवला व्हय?"

"आठवत तर रोजच व्हता, इहीणबाई. आनायचं तोंड न्हवतं."

ही फेट्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आलं आणि तिचा चेहरा पडला. एवढा मान कुणी उगीच पोचवत नाही, हे तिला माझ्या आधी कळलं.

"काय मागायचं ते मागा," ही म्हणाली. "फेट्याआडून नको."

विहीणबाईंनी पदर नीट केला. "मी निघाले तवा लेकरू निजलं व्हतं. जावई म्हनले, उठवू नका, रडंल. मी तशीच निघाले. चपला बी हातात घेऊन."

"मी बी दोन्ही येळंला तसंच केलं."

"तवा त्याला कळत न्हवतं. आता कळतंय. आता तुम्ही जाल, आठ-पंधरा दिसांत तुमच्या मागं लागंल. मग सहा महिन्यांनी त्यो निजला की तुम्ही बी चपला हातात घ्याल. मग मी. किती बारी फसवायचं? मी आडानी बाई, पर मला वाटतं, कुणी तरी एकीनंच ऱ्हावं. साळंत जाईस्तवर. मुक्काम वाढवाया अर्ज करता येतो म्हनं, पोरगी सांगत व्हती. तुम्ही जावा. मी न्हाई येत पुन्यांदा. फोनवर बी त्याला दिसायची न्हाई. इसरंल मला."

मी घसा साफ केला. "बालमानसशास्त्र असं सांगतं की—"

"तुम्ही गप बसा," ही म्हणाली. दोघींचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालेलं मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं.

हक्काचा हिशेब साधा होता. नातू आमच्या घराण्याचा, पाळी आमची, बॅग भरलेली. गेले सहा महिने ही त्या पाळीवरच जगली होती. रोज संध्याकाळी पडद्यावर त्याला दुसरीच्या मांडीवर बसलेला बघायचा आणि "आता माझी येळ येईल" म्हणायचं. समोरची बाई तर ते सगळं तिला देऊनच टाकत होती. फक्त हो म्हणायचं होतं.

"एक सांगा," ही म्हणाली. "त्यो दारं उघडून कुणाला हुडकतोय?"

विहीणबाई फेट्यावरच्या प्लास्टिकची घडी सारखी करू लागल्या. खोटं बोलायला त्या काही माईकवाल्या नव्हत्या.

ही उठून आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती बॅग ओढत आली. तिची दोन लुगडी आणि गुडघ्याचा पट्टा तेवढा काढून घेतला, बाकी बॅग तशीच विहीणबाईंच्या पायाशी उभी केली.

"पापड वरच्या बाजूला हायत, मोडतील. गोधडी माझ्या साड्यांची हाय. त्याला घालताना सांगा कुनाची हाय ते."

"सांगीन." विहीणबाईंनी बॅगेची मूठ धरली. "रोज सांगीन."

"आन् मीठ डाव्या हाताला ठेवा."

डोळे पुसता पुसता विहीणबाई म्हणाल्या, "ते न्हाई व्हायचं."

मग चहा झाला. मीच केला. चहात साखर जास्त पडली, पण त्या दिवशी तक्रार कुणी केली नाही.

मुलाने फोनवर खूप समजावलं. "आई, तुझा हक्क आहे. लोक काय म्हणतील?" ही म्हणाली, "लोक हितं ऱ्हात्यात. त्यांचं मी बघते. तू तुझ्या पोराचं बघ." लोकांनी म्हटलंच. भाजी घेताना शेजारीण म्हणाली, "नातू दौंडला गेला म्हना की." हिने गुडघ्याचं निमित्त सांगितलं आणि मेथीची जुडी जरा जास्तच जोरात झटकली. फेटा मामाकडे पोचता केला. तो आरशात बघून म्हणाला, "बरं झालं उशीर झाला. आता केस न्हाईत, बसतो तरी नीट." हे ऐकून एरवी ही हसली असती.

माझ्यापुरतं सांगायचं तर ती जाणार नाही याचं मला बरं वाटलं होतं. पुढचे सहा महिने खानावळीचा डबा टळला. पण त्या दिवसांत ती घरात असूनही घरात नव्हती. संध्याकाळी पडद्यासमोर बसायची, आणि पलीकडे नातू तिच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. विहीणबाई पोचल्यापासून तो जेवू लागला होता, पण बोलत नव्हता आणि त्यांना नजरेआड होऊ देत नव्हता. त्या बाथरूमला गेल्या की दाराबाहेर आपला लाल ट्रक घेऊन बसायचा आणि दार वाजवायचा. आतून त्या ओरडायच्या, "हाय रं, हितंच हाय!" ते सगळं आम्हाला शिरूरमध्ये ऐकू यायचं. रजेवरची भांडणं थांबली होती, पण सुनेच्या डोळ्यांखालचं काळं तसंच होतं. याला सेटल होणं म्हणतात की कसं, मला माहीत नाही.

हिने मात्र एक रीत धरली. आमच्याकडे फोन संपवताना "चला, बरंय मग, बरंय" असं करत करत कुणीतरी कापतो. हिने ते बंद केलं. तो बघत असो नसो, त्याचं नाव घेऊन स्पष्ट सांगायचं: "आजी आता फोन ठेवनार. पडदा काळा व्हईल. उद्या तुझ्या सकाळी मी परत दिसंन." मग थांबायचं. तो ट्रक चालवत राहायचा. मग बटण दाबायचं. नेट गेलं, वीज गेली आणि सांगायच्या आत फोन बंद पडला, की ती दुसऱ्या दिवशी आधी त्याची माफी मागायची. मला हा प्रकार जरा नाटकी वाटे. पुढारीसुद्धा सभेतून निघताना एवढं सांगत नाहीत. पण मी गप बसायला शिकलो होतो.

किती आठवडे असं चाललं, आठवत नाही. एका संध्याकाळी पलीकडे गोधडी जमिनीवर पसरलेली होती आणि तो तिच्यावर पालथा पडून ट्रक ढकलत होता. विहीणबाई मागे दिसत नव्हत्या, आतून कुकरची शिट्टी येत होती. हिने रोजचं वाक्य सुरू केलं. आजी आता फोन ठेवणार. पडदा काळा होईल. उद्या तुझ्या सकाळी परत दिसेन.

त्याने मान वर केली. पडद्याकडे नीट बघितलं.

"ठेव," तो म्हणाला.

हिने सांगितल्याप्रमाणे फोन ठेवला. काळ्या पडद्याकडे बघत बसली. मी म्हटलं, "बोलला की."

"व्हय," ती म्हणाली. "पर ठेव म्हनला." आणि डोळे कोरडे करून भाताला आधण ठेवायला उठली.