'अगं ऐक' नावाचा फोल्डर

या, अशा जवळ सरकून बसा. रोज इथे भुताखेतांचे अनुभव वाचता, पण स्वतःचा मेलबॉक्स बघा एकदा! काय तो पसारा... कामाच्या मेल कुठे, जाहिराती कुठे. रागावले म्हणून मनाला लावून घेऊ नका, माझ्यावर बेतलंय म्हणून सांगते.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध. अंगात येणं, उतारे टाकणं, सगळं वडिलांनी घराबाहेर काढलेलं.

आमचे हे शेवटची काही वर्षं बंगळूरला नोकरीला होते. घरी बोलणं म्हणजे दारातून हाक, "अगं ऐक..." आणि मी गेले की, "काही नाही." पण तिकडून मेल मात्र लांबलचक! इंग्रजी अक्षरांत मराठी — कँटीनचं सांबार, माझे गुडघे, सगळं. त्या वाचण्यासाठी तर मी कॉम्प्युटर शिकले. हे गेले, आणि त्यांचं बोलणं तेवढं त्या मेलमध्ये उरलं.

तेव्हा फुकटच्या मेलबॉक्सला जागा ती केवढीशी. विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी भाची रूपाली राहायला आली होती, हिंजवडीला नोकरी. म्हणाली, "मावशी, मेलबॉक्स भरलाय. आता नवीन मेल येणार नाहीत. फोल्डर करून नीट लाव."

रविवारी सकाळी बसले. नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, म्हणून फोल्डरला नाव दिलं — Aho. आता डबा घासायचा तर आतलं धान्य आधी परातीत काढतो ना आपण? तशा त्यांच्या सगळ्या मेल मी ट्रॅशमध्ये काढून ठेवल्या. आणि कपडे वाळत घालायला गेले.

आतून रूपालीचा आवाज, "मावशी, ट्रॅश रिकामा केला गं! केवढी जागा झाली!"

"अगं, ती परात होती!"

"ट्रॅशमध्ये कोणी ठेवतं का काकांना?" म्हणाली खरी, पण माझा चेहरा बघून तीच रडायला लागली. ऑफिसातल्या चार जणांना फोन केले तिने. गेलं ते परत येत नाही, एवढंच उत्तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने मेलबॉक्स उघडला. Aho रिकामाच. त्याच्याखाली एक नवा फोल्डर — Aga aik.

आत सगळ्या मेल. सगळ्या ठळक अक्षरांत, कधी उघडल्याच नसाव्यात तशा.

"रूपाली, तू केलंस?"

"मावशी, शपथ, नाही." आणि ती हाक तिला माहीत तरी कुठून असणार? ती आली तेव्हा हे नव्हतेच. मग तिने जागा तपासली. एवढ्या मेल परत आल्या, पण मेलबॉक्स कालच्याइतकाच रिकामा! "हे होऊच शकत नाही," एवढंच पुटपुटत राहिली.

तिने सगळ्या सीडीवर उतरवून दिल्या. मी नव्याने वाचत गेले. शेवटची एक मात्र उघडली नाही. मजकूर पाठ आहे हो... पण ती ठळक आहे तोवर त्यांचं काहीतरी सांगायचं बाकी आहे, असं वाटतं.

कसं झालं, मला आजही माहीत नाही. तुमच्यात कॉम्प्युटरमधलं कळणारं कोणी असेल तर लवकर या घरी. चहा ठेवते, सगळं दाखवते. फक्त ती शेवटची मेल तेवढी उघडू नका.