सासूबाईंच्या छातीशी

माझा मुलगा वेळेच्या बराच आधी जन्मला. धुळ्याच्या एका दवाखान्यात, कमी वजनाच्या बाळांच्या वॉर्डात आम्ही मायलेक होतो आणि सोबतीला पारोळ्याहून आलेल्या माझ्या सासूबाई. बाळाला उघड्या छातीशी बांधून तासन्‌तास बसायचं, आईची ऊबच त्याला जगवते, हे सिस्टरनी मला शेजारी बसून नीट समजावलं होतं.

बाजूच्या खाटेवर साक्रीकडच्या डोंगरपाड्यावरची एक बाळंतीण होती. माझ्याहून लहान. तिची लेक इतकीशी, की उचलायची भीती वाटावी. तिलाही सिस्टरनी तेच सांगितलं, पण उभ्याउभ्या, भराभरा. "समजलं ना?" तिने मान हलवली. सिस्टर पुढे गेल्या आणि तिने लेकीला दुपट्यात गुंडाळून बाजूला निजवलं.

"तिले काहीच समजनं नही," सासूबाई म्हणाल्या.

आमच्या शेतात कापूस वेचायला डोंगराकडच्या बाया येतात. त्यांच्यामुळे सासूबाईंना तिची बोली थोडीफार यायची. त्या तिच्या खाटेवर जाऊन बसल्या. त्यांचं मोडकंतोडकं बोलणं ऐकून ती आधी खुदकन हसली, मग माझ्याकडे बघत तिने लेकीला छातीशी घेतलं.

पण दुसऱ्याच दिवशी तिला ताप भरला. तिला दुसऱ्या वॉर्डात हलवलं. नवरा घरी राहिलेल्या थोरल्या मुलाला बघायला गावी गेलेला. सिस्टर बाळ घेऊन उभ्या. "हिच्या घरचं कुणी आहे का? कुणाच्या तरी छातीशी ठेवायला हवं."

सासूबाई म्हणजे वेचणाऱ्या बायांसाठी पाण्याचा वेगळा तांब्या ठेवणारी बाई. माझ्यासमोरही डोक्यावरचा पदर कधी न ढळू देणारी. त्या उठल्या, हात धुतले आणि पडद्याआड जाऊन पोलक्याचे हूक काढू लागल्या.

"आण इकडे ती पोर. मन्ही छाती रिकामीच शे."

"आजी, तुम्ही तिच्या कोण?"

"आजी म्हनी ना तू? मंग आजीच शे."

ताप उतरेपर्यंत ती पोर त्यांच्याच छातीवर होती. डोळे मिटून त्या काहीतरी गुणगुणत बसायच्या. मला थोडा हेवाच वाटला.

"आई, तुमचा नातू इकडे आहे बरं का."

"त्याले तू शेस ना!"

तिची आई परतली तेव्हा सासूबाईंनी सिस्टरना थांबवलं. "ताई, मन्ही सूनले बसीसन सांगं ना, तसं तिले बी सांगा."

सिस्टर स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या. "खरंय आजी. मी सांगते, तुम्ही तिच्या बोलीत सांगा." त्यानंतर पाड्यावरची कुणी आली, की सिस्टर आमच्या खाटेकडे हाक मारायच्या.

पुढे बाळाच्या तपासणीला गेलो, तर ती तिथे भेटली. लेक चांगली गुटगुटीत झालेली. सासूबाईंनी लगबगीने हात पुढे केले आणि पोरीने जे भोकाड पसरलं!

"देखा, वळखत बी नही मले!"

तिची आई हसत हसत काहीतरी बोलली. सासूबाईंचा चेहरा एकदम फुलला.

"काय म्हणाली हो ती?" मी विचारलं.

"पोर आजीसारखी हट्टी शे म्हने," त्या म्हणाल्या, आणि रडत्या पोरीला तिच्या आईकडून ओढूनच घेतलं.