नवरदेवाची पँट आणि माझ्या चार पिशव्या

हातातला चहा आधी संपवा, मग ऐका. मागच्या वेळी हे सांगत होते तेव्हा आमच्या नणंदेला ठसका लागला होता.

त्या वर्षी बालाघाटात आमच्या गल्लीची नाली प्लास्टिकच्या पन्न्यांनी अशी तुंबली, की सांडपाणी थेट माझ्या स्वयंपाकघरात. दोन दिवस पाणी उपसलं आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, या घरात यापुढे पन्नी येणार नाही. भाजी असो की किराणा, कापडी पिशवीच. आता एवढं कापड कुठून आणायचं? समोरच टेलर मास्तरांचं दुकान होतं.

"मास्तर, कातरण फेकू नका, मले देत जा."

"हौ वहिनी. टेबलाखाली गाठोडं बांधून ठेवतो. मी नसलो तरी घेऊन जात जा."

झालं. मी गाठोडं आणायची, पिशव्या शिवायची आणि प्रत्येकीवर लाल दोऱ्यानं ठसठशीत भरायची, 'पन्नी नको'. कुणी मागितली नाही तरी द्यायची. बालाघाट आता माझ्याच हातून सुधारणार, असं मला वाटायला लागलं होतं.

एक दिवस गाठोड्यात काय निघावं? राखाडी रंगाचं, मऊसूत, भारी कापड. चांगले लांब-लांब चार तुकडे. म्हटलं, मास्तरांचा हात आज सढळ झालाय. तुकडा दुमडला, दोन बाजू शिवल्या की पिशवी तयार. कात्रीसुद्धा लावायला नको. कात्री का लावावी लागत नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यात यायला हवा होता की नाही? नाही आला. संध्याकाळपर्यंत चारही पिशव्या वाटून मी मोकळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दारात. चेहरा पांढराफटक.

"वहिनी, काल टेबलाखालून कोनतं गाठोडं नेलं?"

"राखाडी. काहून?"

मास्तर पायरीवरच बसले. "दिलीपभाऊची पँट होती ते. कापून ठेवलती. आज शिवाची होती."

दिलीप म्हणजे माझा धाकटा दीर. परवा त्याचं लग्न, किरनापूरला. सुटाचं कापड मुलीच्या वडिलांनी खास नागपूरहून आणून दिलेलं. कोट शिवून झाला होता, पँट तेवढी राहिली होती. त्याच कापडात नवरदेव मांडवात दिसला नाही तर? सोयरिकीत पहिल्याच दिवशी खोट, आणि तीही माझ्या हातची. मी तिथंच रडायला बसले.

दिलीपच म्हणाला, "रडू नको वहिनी. पिशव्या कोनाकडं गेल्या ते सांग."

एकीत शेजारच्या काकूंचे बटाटे, दुसरीत पुजारीबुवांचे नारळ, तिसरीत कोपऱ्यावरच्या घरातली तूरडाळ. चौथी वांगी भरून काकूंच्या पाहुणीसोबत बैहरच्या बसनं निघून गेली होती. मोबाइल तेव्हा कुठे होते? हळद लागायच्या आत नवरदेव मोटारसायकल काढून बैहरला गेला, आपलीच पँट आणायला. गल्लीतल्या बायांनी बाकीच्या तीन पिशव्या रिकाम्या करून आणल्या आणि माझ्या ओट्यावर बसून माझीच शिवण उसवायला लागल्या. एकीनंही मला बोल लावला नाही. आजही ते आठवलं की डोळे भरून येतात.

तीन तुकडे स्वच्छ निघाले. बैहरचा मात्र ओल्या वांग्यांनी भिजला होता आणि लाल दोऱ्याचा रंग उतरला होता. दोरा काढला, अक्षरं तशीच.

मास्तर म्हणाले, "मागच्या बाजूचाच तुकडा आहे. वरून कोट येते. कोनाले दिसत नाई."

लग्न लागलं. दिलीप सासऱ्यांच्या पाया पडायला वाकला, कोट वर सरकला आणि मागे बसलेल्या अख्ख्या किरनापूरनं वाचलं, 'पन्नी नको'.

कुजबुज सासऱ्यांपर्यंत पोचली. ते गंभीर चेहऱ्यानं माझ्यापुढे आले. "बाई, तुमच्याकडची काई मागनी होती तर आधी सांगाची. असं पँटीवर लिहून काहून आनलं?"

मी तोंड उघडायच्या आत दिलीप म्हणाला, "मागनी नाई मामाजी. आमच्या वहिनीचा नेम आहे. आमच्या घरी पन्नी येत नाई."

बस, एवढंच. माझ्या मूर्खपणाबद्दल चकार शब्द नाही. असा दीर सगळ्यांना मिळो.

सासरे एकदम खुलले. "मंग आमीबी पाळतो." वऱ्हाडासोबत द्यायचे बुंदीचे लाडू पन्न्यांमध्ये बांधून ठेवले होते, ते सगळे त्यांनी परत परातीत काढायला लावले. आणि माझ्यापुढे हात केला. "आना बाई, पिशव्या द्या."

पिशव्या? अख्ख्या गल्लीला पिशव्या वाटणारी ही बाई, झाल्या प्रकाराच्या लाजेनं लग्नाला एकही पिशवी घेऊन गेली नव्हती.

शेवटी दिलीपनंच अंगातला कोट काढला, बाह्यांना गाठी मारल्या आणि लाडू त्यात भरले. आता मांडवापासून गाडीपर्यंत बिनकोटाचा नवरदेव पुढे, आणि ती अक्षरं झाकायला पदर पसरून मी त्याच्या मागे चिकटलेली.

अल्बम आहे अजून घरात. पाठवणीचा कुठलाही फोटो काढा, नवरा आणि नवरीच्या मध्ये मीच आहे.