केवड्याची मेणबत्ती

सुगंधी मेणबत्त्यांचा ऑनलाइन वर्ग मी सासूबाईंना न विचारता लावला. पोलादपूरच्या घरात आम्ही दोघीच. नवरा मुंबईला नोकरीला, शनिवारी येतो आणि रविवारी जातो. आमचं दोघींचं लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून पटलेलं नाही, आणि ते कोणापासून लपलेलंही नाही.

"माझ्या गॅसवर मेण वितळवायचं नाय," त्या म्हणाल्या. "आमटीला वास येल."

"भांडं वेगळं आणलंय."

"भांडं वेगळं, पण घर माझंच हाय ना?"

मी पातेल्यात पाणी तापत ठेवलं, त्यात मेणाचं भांडं सोडलं आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. त्या पाट घेऊन दारात बसल्या. रोज दुपारी वर्ग सुरू झाला की त्या तिथेच असत, माझं कधी चुकतंय ते बघायला.

चुकत होतंच. पावसाळ्याचे दिवस. मेणबत्ती ग्लासात गार होताना मधोमध खचायची, वातीभोवती खड्डा पडायचा. वर्ग घेणाऱ्या मॅडम पुण्याच्या. कोणाचं बिघडलं की त्या ते पडद्यावर मोठं करून सगळ्यांना दाखवायच्या. माझा ग्लास त्यांनी तीन दिवस दाखवला.

"पोलादपूरच्या ताई, हे काय केलंत?"

"मॅडम, इथे हवा फार ओली हाय. मेण जमत नाय."

"हाय, नाय!" त्या हसल्या. पडद्यावरच्या वीसेक बायकाही हसल्या. "ताई, आधी भाषा जमवा, मग मेण."

माझे कान तापले. दारातून सासूबाईंचं खुदकन हसणं ऐकू आलं, ते जास्त झोंबलं.

पाचव्या दिवशी सुगंध घालायचा होता. सगळ्यांनी लॅव्हेंडर आणि व्हॅनिला घेतलं होतं. मी महाडला जाऊन अत्तरवाल्या चाचांकडून केवडा आणला होता. मेणात मिसळता येईल असंच तेल त्यांनी निवडून दिलं होतं.

"केवडा?" मॅडमनी नाक मुरडलं. "ताई, आपण मेणबत्ती करतोय, बिर्याणी नाही. तुमच्याकडून हे व्हायचं नाही. उगीच बाकीच्यांचा वेळ घेऊ नका."

मी माईक चालू केला. "मॅडम, माझी मेणबत्ती का खचते हे मी तीन दिवस विचारतेय. तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा. हसून काय होणार?"

कोणी हसलं नाही. मॅडमनी एक बटण दाबलं आणि मी वर्गाबाहेर.

"हाकलली?" सासूबाईंनी विचारलं.

"हो. झालं समाधान?"

"झालं."

त्यानंतर मी ईर्ष्येनेच करत राहिले. एकदा ग्लास आधी गरम पाण्यात ठेवून कोरडा पुसला, मेण थोडं निवल्यावर ओतलं आणि ग्लास भाताच्या तुसात गळ्यापर्यंत पुरून ठेवला, म्हणजे सावकाश गार व्हावा. सकाळी वर काढला तर मेण सपाट, एकही खड्डा नाही. पेटवल्यावर घरभर केवडा दरवळला. सासूबाई खिडकी उघडायला उठल्या नाहीत.

फोटो काढून मी मॅडमना पाठवला, निव्वळ खुन्नस म्हणून. उत्तर आलं नाही. पंधरवड्याने त्यांच्या नव्या वर्गाची जाहिरात फोनवर आली. त्यात माझाच फोटो, मागे आमच्या ओट्याची फुटकी फरशी, आणि खाली लिहिलेलं, 'आमची खास निर्मिती, पारंपरिक केवडा'.

मी ती जाहिरात सासूबाईंपुढे धरली. त्यांनी फोन ओढून घेतला, डोळ्यांपासून लांब धरून पाहिला.

"ही आमची फरशी!" त्या ओरडल्या. "ल्ही खाली. चोर म्हणून ल्ही."

मी लिहिलं. पाच मिनिटांत ते पुसलं गेलं. "परत ल्ही," त्या म्हणाल्या. मी परत लिहिलं. ते चार वेळा पुसलं गेलं, चार वेळा मी लिहिलं, आणि दर वेळी त्या शेजारी बसून एकेक कडक शब्द सुचवत होत्या. त्यांना असे शब्द किती येतात हे मला चांगलंच ठाऊक होतं. आजवर ते माझ्याच वाट्याला आले होते. संध्याकाळी फोटो काढून टाकला गेला आणि मॅडमचा निरोप आला. मी तो मोठ्याने वाचला.

"तुमच्यासारखी भांडखोर बाई मी आयुष्यात पाहिली नाही."

"खोटं नाय बोलली," सासूबाई म्हणाल्या आणि पाट उचलून आत गेल्या.