मायच्या क्रुसावरची ओळ

प्रभुभोजनाचा, भाकरीचा आणि द्राक्षरसाचा ट्रे मायच्या पुढ्यात आला. तिनं दोन्ही हात पुढं केले. मास्तरांनी ट्रे उचलला आणि तिच्या डोक्यावरून पलीकडं नेला.

"तुम्ही शिस्तीखाली आहात, बाई. मागं जाऊन उभ्या राहा."

हळू नाही. सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं. माय उठली. दाराशी, चपला काढून ठेवतात तिथं जाऊन उभी राहिली. शेवटचं गीत संपेपर्यंत तिथंच होती. मी बाकावर खाली मान घालून बसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नांदुऱ्यातलं आमचं चर्च लहान. मास्तर मिशन शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि कमिटीचे प्रमुख. त्यांचे आजोबा पाळक, वडीलही पाळक. त्यांचं घर चर्चशेजारी, मिशनच्या कंपाउंडात. आमचं रेल्वे लाइनीपलीकडं. बाप गँगमन होता. तो गेल्यावर मायनं लोकांची धुणीभांडी केली, मास्तरांच्या घरचीसुद्धा. मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते.

मायचा गुन्हा काय, तर ती भावाच्या तेरवीला जेवली. तिचं माहेर जळगाव जामोदकडं, माळ्यांचं. तिनं ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून मामानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. शेवटी खाटेला खिळल्यावर त्यानंच निरोप धाडला. माय पोचली तेव्हा तो गेलेला होता. तेरवीला मामीनं तिचा हात धरून तिला आपल्या शेजारी पंगतीत बसवलं. म्हणाली, "बाई, जातानी तुमचंच नाव घेत होते हे. दोन घास खा."

माय जेवली. घरी येऊन मला सांगताना रडली. सुखानं रडली. एवढ्या वर्षांनी तिला भाऊ परत मिळाला होता, मेलेला का होईना.

कुणीतरी ही गोष्ट कंपाउंडात पोचवली. कमिटी बसली. नैवेद्य दाखवलेलं अन्न खाल्लं, म्हणजे मूर्तिपूजा. मंडळीपुढं उभं राहून "मी पाप केलं" म्हणा, तोवर शिस्तीखाली, म्हणजे भोजन बंद. मास्तर स्वतः कापसाच्या व्यापाऱ्यांकडच्या तेरवीला जातात, पहिल्या पंगतीत बसतात. मी तसं बोलून दाखवलं.

"संबंध असतात, जावं लागतं. तुमची गोष्ट वेगळी," ते म्हणाले. वेगळी कशी, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

माय वाद घालत बसली नाही. दर महिन्याला भोजनाच्या रविवारी जायची. ट्रे डोक्यावरून जायचा. ती उठून दाराशी जायची. मी म्हणायचे, जाऊच नको. ती जायचीच. मला तिचा राग यायचा. आठवडाभर चुलीपुढं उभं राहायचं आणि रविवारी हा तमाशा बघायचा. जीव विटून गेला होता.

मग तिच्या किडन्या गेल्या. काही दिवस अकोल्याला डायलिसिसला नेलं. नंतर तीच म्हणाली, आता पुरे.

मास्तर नव्या पाळकांना घेऊन घरी आले. पाळक तरुण, भिडस्त. त्यांच्याकडं भोजनाची छोटी पेटी होती. मास्तरांनी ती स्टुलावर ठेवायला लावली, मायला दिसेल अशी. मग खुर्चीत बसले.

"बाई, हा आजार म्हणजे देवाचा न्याय आहे. अजून वेळ गेलेली नाही. चार शब्द म्हणा, आत्ता इथं भोजन मिळेल. नाहीतर त्याच्यापुढं कोणत्या तोंडानं उभ्या राहाल?"

माय पेटीकडं बघत राहिली. तिला ते भोजन किती हवं होतं, मला माहीत आहे. मीच म्हटलं, "म्हणून टाक ना, माय. काय फरक पडते?" मी थकले होते. ती सुखानं जावी, एवढंच मनात होतं.

"भाऊ मले परत भेटला, त्याले पाप म्हनू?" ती मला म्हणाली. "खोटं बोलून देवापाशी जाऊ?" मग मास्तरांकडं वळली. "न्याय कराले बसनार तोच, अन् माह्यासाठी क्रुसावर मेला तोच. मंग तुमी मले काऊन भेव दाखवता, मास्तर?"

मास्तरांनी पाळकांना निघायची खूण केली. मी पाळकांना म्हटलं, "तुम्ही द्या. देणं तुमच्या हातात आहे."

"ताई, कमिटीला विचारावं लागेल," ते म्हणाले आणि त्यांनी पेटी उचलली.

तेव्हा माझे डोळे उघडले. देव कंपाउंडात राहतो आणि आम्ही त्याला दाराशी उभं राहून भेटायचं, हेच मी लहानपणापासून मानत आले होते. माय कधीच तसं मानत नव्हती. ती दाराशी उभी राहायची, पण त्यांच्या हुकमासाठी नाही. तिचं देवाशी जुळलेलं होतं.

"मास्तर, उठा," मी म्हटलं. "पुन्हा या घरात येऊ नका."

ते उठले. लाइनीपलीकडचं कुणी आपल्याला उठ म्हणतं, याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

माय भोजनाविना गेली. घाबरत नव्हती. पण शेवटपर्यंत तिला ते हवं होतं, आणि ते तिला मिळालं नाही. हे मी विसरणार नाही.

दफनाला कमिटीनं जागा दिली, पण अट घातली. आमच्यात क्रुसावर नावाखाली 'प्रभूमध्ये निद्रिस्त' असं लिहितात. हे माणूस निजलंय, देव त्याला उठवणार आहे, असा त्याचा अर्थ. शिस्तीखाली मेलेल्यांना ती ओळ नाही. नुसतं नाव. पाळकांनी कबरीपाशी पुनरुत्थानाचा शब्दसुद्धा काढला नाही, फक्त घरच्यांसाठी प्रार्थना केली. मग माती लोटताना मीच मोठ्यानं बोलले, "माय, तू उठशीन. देव तुले विसरनार नाही." मामी शेजारी होती. तिला आमच्या धर्मातलं काही कळत नाही. तिनंही मूठभर माती टाकली.

हल्ली पाळक मला म्हणतात, मास्तरांना क्षमा करा, समेट करा. क्षमेचं मी देवाशी बोलते आहे. अजून जमलेलं नाही. न्यायाच्या दिवशी मलाही उत्तर द्यायचं आहे, ते मी त्यालाच देईन.

पण ती ओळ मी सोडणार नाही. पाथरवटाला काळ्या दगडाचा क्रूस सांगितला आहे. वर मायचं नाव, खाली पुरी ओळ. असा दगड उपटून टाकू, असं कमिटीनं कळवलं आहे. उपटू देत. मी दुसरा बसवीन. तोही उपटला तर पुन्हा बसवीन. आणि त्याच पाथरवटाला माझ्या नावाचाही एक दगड सांगून ठेवला आहे, तीच ओळ घालून, कुणालाही न विचारता.