दक्षिणेची भिंत

अक्काच्या खोलीत टीव्ही लावावा हे मला सुचले, तेव्हा त्या विचाराला मी सेवेचे नाव दिले होते. आज तो प्रसंग आठवताना ते नाव तेवढे बाजूला काढून ठेवावेसे वाटते.

अक्का माझी थोरली बहीण. नेसरीला दिली होती. दाजी गेल्यावरही ती तिथेच राहिली, म्हशी सांभाळून, एकटी, मूलबाळ नव्हते. गोठ्यात पाय घसरून तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण पुन्हा उभे राहणे जमणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा मी तिला मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आणले. दिवसभर ती आतल्या खोलीत लोखंडी कॉटवर पडून असे. संध्याकाळी पत्नी आणि मी तिला चाकाच्या खुर्चीत बसवून हॉलमध्ये आणत असू. मालिका सुरू झाली की अक्का पडद्यावरच्या माणसांशी बोलू लागे. तिला कमी ऐकू येई, म्हणून टीव्हीचा आवाज मोठा, आणि त्याच्यावर तिचा स्वतःचा.

"अगं, दार लाव की आधी. त्यो मागनं ऐकाय लागलाय."

पत्नी हसे. "वन्सं, तिला सांगून काय उपयोग? तिनं ऐकलं तर मालिका आजच संपेल."

"संपू दे की. उद्या दुसरी लागतीया."

मी त्या वेळी कोपऱ्यातल्या खुर्चीत पुस्तक उघडून बसलेला असे. कार्यालयातून आल्यावर तास-दोन तास शांततेत वाचणे ही माझी जुनी सवय, आणि त्या सवयीला मी कधी सवय म्हटले नाही, गरज म्हटले. मी अक्काला आवाज कमी कर असे एकदाही सांगितले नाही. माझा राग आवाज करीत नाही. तो पान उलटताना किंचित जोर लावतो, इतकेच. अक्काला तेवढेही पुरेसे होते की काय, हे मला माहीत नाही. एकदा पत्नीला मी म्हणालो, "खुर्चीत बसवताना तिला केवढे दुखते. खोलीतच एक लहानसा टीव्ही लावला तर?" दुखत होते हे खरेच होते. खऱ्या गोष्टीच्या आडोशाला उभे राहणे सोपे असते.

दुकानात विक्रेत्याने हसून स्वागत केले. "या पावणं. हॉलला की बेडरूमला?"

"बेडरूमला. परवडेल असा दाखवा."

"बघणार कोण हाय?"

"माझी बहीण. वयस्कर आहे. पडून बघणार."

"मग हे मोबाइलसारखं चालणारं नगं. चुकून कुठलं तरी बटण दाबतील आणि सगळी गल्ली बोलवावी लागंल." त्याने बत्तीस इंची साधा संच पुढे ओढला. पत्नीला त्याहून मोठा हवा होता. तो म्हणाला, "वैनी, खोली लहान असंल तर डोळं दुखतात. थेटर न्हाय करायचं आपल्याला."

मी त्याला पुष्कळ प्रश्न विचारले. स्वस्त पडद्याचे चित्र खालून पाहिले की काळवंडते, असे मी कुठेतरी वाचले होते. म्हणून आडव्या माणसाला कसे दिसेल ते पाहण्यासाठी मी दुकानातच गुडघ्यांवर बसून मान वर करून पाहिले. चित्र खरेच काळवंडले. त्याने संच भिंतीवर टांगून खाली झुकवता येईल अशी कडी दिली. रिमोटची बटणे मोठी आहेत ना, मागच्या स्पीकरचा आवाज भिंतीला लागून दबत नाही ना, हेही मी तपासले. घरी परतताना आपण किती काळजी घेतली याचे समाधान मला वाटत होते.

खोलीत पश्चिमेला खिडकी, तिथे उजेड डोळ्यांवर येई. पूर्वेला दार. उत्तरेच्या भिंतीला लोखंडी कपाट. उरली दक्षिणेची भिंत. ती मोकळी होती आणि प्लगही तिथेच होता. टीव्ही बसवायला आलेल्या माणसाला मी तीच दाखवली. त्याने भिंतीला छिद्रे पाडली, कडी ठोकली, तिरकस करून दिली. तोवर अक्काची उशी त्याच भिंतीकडे होती. समोर दिसायला हवे म्हणून मी स्वतः टेपने अंतर मोजले, कॉटवरचे अंथरूण फिरवले आणि पत्नीच्या मदतीने अक्काला उलट्या बाजूने निजवले. तिने एकदा पायांकडे पाहिले, मग भिंतीकडे.

"दिसतंय ना नीट?" मी विचारले.

"दिसतंय की. लई झ्याक हाय."

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून आलो तर उशी पुन्हा पूर्वीच्या जागी. अक्काचे डोके टीव्हीखाली, पाय कपाटाकडे. टीव्ही चालू होता आणि ती त्याच्याकडे पाठ करून होती. पत्नी म्हणाली, "पंख्याचा वारा तोंडावर येतो म्हणाल्या, म्हणून फिरवलं मी."

मी पंखा मंद केला. तरी उशी तिथेच राहिली. मला अपमान झाल्यासारखे वाटले. इतके शोधून, मोजून, झुकवून आणलेली वस्तू हिने नुसती ऐकायची ठरवली, असे मनात आले. पूर्वी रोज मी तिच्याजवळ थोडा वेळ बसत असे, ते हळूहळू थांबवले. हॉलमध्ये आता शांतता होती. मी पुस्तक वाचत असे, आणि भिंतीपलीकडून मालिकेचा अस्पष्ट आवाज येई. अक्काचा मात्र येत नसे. बोलायला तिच्याजवळ कुणी नव्हते. पत्नी त्या वेळी स्वयंपाकघरात असे.

एका सकाळी माझा दाढीचा आरसा सापडेना.

"तो वन्संकडे आहे," पत्नी म्हणाली. "मागून घेतला त्यांनी. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मी खोलीत गेलो. टीव्हीवर देवीची आरती चालू होती. अक्का उताणी निजून दोन्ही हातांनी तो गोल आरसा चेहऱ्यासमोर वर धरून होती, थोडा तिरपा. आरशात आरतीचे तबक फिरत होते. मग त्यात मी दिसलो असेन.

"ये की," ती म्हणाली. "बस."

"अक्का, हे काय?"

"टीव्ही बघाय लागलोय. हात भरून येत्यात, पर दिसतंय." ती हसली. "समद्या बाया डावखुऱ्या झाल्यात बघ. काल त्या मालिकेतली सासू डाव्या हातानं निवद दाखवाय लागली. मला कसंतरीच झालं."

"अगं, पण उशी त्या बाजूला घेतलीस तर सगळे समोर दिसेल."

तिने आरसा छातीवर ठेवला. "दक्षिणेला पाय करून मी न्हाय निजत."

हे मला लहानपणापासून ठाऊक होते. ठाऊक कसले, अंगवळणी पडलेले होते. गावाकडच्या घरात आम्ही सगळे जमिनीवर ओळीने निजायचो. झोपेत मी लोळत जाऊन उलटा झालो की अक्का माझे घोटे धरून मला सरळ फिरवायची. "दक्षिणेला मेलेल्याचं पाय करत्यात, बाळा," असे एकदा मला जाग आली तेव्हा तिने सांगितले होते. पुढे शिकलो, नोकरी लागली, शहरात पलंग जागा मिळेल तसे मांडले गेले. दिशा मी विसरलो नव्हतो. ती कुणाला तरी अजून लागते, हे विसरलो होतो.

"मग त्याच दिवशी का नाही बोललीस?"

तिने छातीवरचा आरसा पदराने पुसला. मग अगदी साध्या सुरात म्हणाली, "मला वाटलं, तुला ठाव हाय. टेप लावून, माप घिऊन निजवलंस न्हवं? म्हटलं, आता आपली तीच वाट हाय, म्हणून तिकडं पाय केल्यात पोरानं. हरकत न्हाय. पर म्हटलं, एवढ्यात नगं."

त्या बोलण्यात तक्रार असती तर मी स्वतःचा बचाव केला असता. तक्रार नव्हती. आपल्या धाकट्या भावाने आपल्याला मरणाच्या दिशेला निजवले आहे, असे तिने मानले होते. आणि असे मानूनही ती आमच्या हातचे जेवत होती, टीव्ही झ्याक आहे म्हणत होती. माझ्या मनात तसे काही नव्हते, हे मी तिला लगेच सांगितले. सांगताना माझा आवाज मलाच पुरेसा वाटला नाही. तिला खोलीत पाठवताना माझ्या मनात काय होते, ते मला माहीत होते.

"असू दे," ती म्हणाली. "आरसा पायजे असंल तर ने. दाढी वाढलीया."

मी टीव्ही बसवणाऱ्याला परत बोलावले. तो छिद्रांकडे पाहत म्हणाला, "सायेब, आताच तर लावला. भिताड आवडलं न्हाय व्हय?"

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"चुकू दे की. भिताडं चार हायत तवर काळजी न्हाय."

कपाट दाराजवळ सरकवले. वायर पट्टीतून फिरवून उत्तरेच्या भिंतीवर नेली. अक्काची उशी जागची हलली नाही. टीव्ही लागला तेव्हा तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "आता बाया सरळ झाल्या."

मी त्या दिवशी तिच्याजवळ बसलो. मालिका संपल्यावर तिने विचारले, "हॉलमधी आता काय लावता?"

"काही नाही. बंदच असतो."

"मग शांत वाटत असंल तुला."

"हो," मी म्हणालो.

त्या एका शब्दाऐवजी 'चल, उद्यापासून बाहेर येऊन बस' एवढे म्हणायला हवे होते. चाकाची खुर्ची दारामागेच होती. भिंत बदलणे मला जमले, कारण तिथे चूक स्पष्ट दिसत होती आणि ती दुसऱ्याच्या हातून दुरुस्त करून घेता येत होती. रिमोट घेऊन अक्काने आवाज कमी केला, तिला स्वतःलाही ऐकू येणार नाही इतका.

पाऊस संपून थंडी लागत होती तेव्हा ती गेली. दुपारची वेळ होती, आदल्या रात्रीचा भाग पुन्हा दाखवतात ती. पत्नी औषध घेऊन गेली तर टीव्ही चालू होता आणि अक्काचे डोळे मिटलेले होते.

शेजारचे लोक आले. सोफा भिंतीला सरकवून हॉलमध्ये जागा केली. मी आणि दोघांनी तिला उचलून आणले. एका वडीलधाऱ्या माणसाने पुढे होऊन दिशा सांगायला हात वर केला, पण तोवर मी तिचे घोटे धरले होते आणि तिला फिरवले होते. पाय जिथे झाले, त्या बाजूच्या भिंतीवर हॉलमधला टीव्ही होता. बंद होता.

बायकांचे रडणे मध्येच क्षणभर ओसरले. हॉल शांत होता. मला हवा होता तसा.